सह्याद्रीतून आकाशगंगेचे फोटो: आधी तिथी, मग दिशा, मग कॅमेरा

फेब्रुवारी आला की ओळखीतले दोन-तीन जण तरी विचारतात, आकाशगंगेचा फोटो काढायचाय, कुठली लेन्स घेऊ? माझं उत्तर एकच असतं, लेन्स राहू दे, आधी कॅलेंडर काढ. जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स असली तरी मस्त फोटो येतात, पण चुकीच्या तिथीला चुकीच्या दिशेला तोंड करून बसलात तर दोन लाखांची बॉडीसुद्धा काही करू शकत नाही. म्हणून हे सगळं मी त्याच क्रमाने लिहितोय, कॅमेरा बराच नंतर येईल, घाईत असाल तरी वरचं वाचल्याशिवाय खाली जाऊ नका.

आपल्याला फोटोत जो भाग हवा असतो तो म्हणजे आकाशगंगेचा गाभा, धनु आणि वृश्चिक राशींच्या मधला तो दाट ढगासारखा पट्टा. ज्येष्ठा हा लालसर तारा ओळखता आला की झालं, तिथून विंचवाची वळलेली शेपटी खाली मूळ नक्षत्रापर्यंत जाते आणि तिच्या डावीकडेच गाभा आहे. महाराष्ट्रातून हा भाग आग्नेयेला उगवतो, दक्षिणेतून सरकतो आणि नैऋत्येला मावळतो. दक्षिणेला आला की क्षितिजापासून साधारण ४० अंश वर असतो. लडाखचं हानले, जिथे २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा अंधार जपण्यासाठी राखलेलं क्षेत्र) जाहीर झालं, तिथलं आकाश कितीतरी जास्त काळं आणि कोरडं आहे, पण अक्षांश जास्त असल्यामुळे तिथून हाच गाभा २८ अंशांच्या आसपासच वर येतो. म्हणजे या एका बाबतीत आपण सह्याद्रीवाले नशीबवान आहोत आणि ते आपल्याला माहीतच नसतं!

आता वेळा. फेब्रुवारीच्या मध्याला गाभा पहाटे सव्वातीनच्या आसपास उगवतो, मार्चच्या मध्याला सव्वा-दीडला, एप्रिलच्या मध्याला रात्री सव्वाअकराला आणि मे मध्ये सव्वानऊलाच. म्हणजे दर महिन्याला दोन तास अलीकडे. उगवल्या उगवल्या फोटो काढण्यात अर्थ नाही, क्षितिजाजवळ धूळ असते, दीड-दोन तास वर येऊ द्या. जून ते सप्टेंबर पाऊस, विषय संपला. आणि मग ऑक्टोबर, ज्याकडे कोणी बघतच नाही. ऑक्टोबरमध्ये अंधार पडला की गाभा आधीच नैऋत्येला उतरलेला असतो, पट्टा जवळजवळ उभा दिसतो, पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ एवढ्या वेळात काम होऊन जातं, जागरण नाही काही नाही. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर याच्यासारखा महिना नाही.

तिथीचं गणित मात्र महिन्याप्रमाणे बदलतं आणि इथेच बरेच जण फक्त अमावस्या धरून बसतात. वर्षात अमावस्या बारा, त्यातल्या तीन-चार पावसात गेल्या, उरलेल्या तुमच्या वीकेंडला येतीलच असं नाही. भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि असं बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याला पहाट हवी असते, आणि शुद्ध पक्षातला चंद्र संध्याकाळी दिसतो आणि अष्टमीपर्यंत मध्यरात्रीच्या आसपास मावळूनही जातो, म्हणजे अमावस्येनंतरचा अख्खा आठवडा पहाटेसाठी मोकळा. वद्य त्रयोदशीपासून धरलं तरी चालतं, चंद्र अगदी बारीक असतो आणि पार पहाटे उगवतो. ऑक्टोबरमध्ये बरोब्बर उलटं, तेव्हा संध्याकाळ हवी असते, म्हणून वद्य पक्ष बघायचा. संकष्टीचा चंद्रोदय साडेआठ-नऊच्या आसपास असतो हे उपवास सोडणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे, त्यानंतर तो रोज आणखी उशिरा येतो, म्हणजे संकष्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अमावस्येपर्यंत सगळ्या संध्याकाळी तुमच्या. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेलीच असते. एप्रिल-मेमध्ये मधली रात्र लागते, तिथे अमावस्येच्या अलीकडचे पाच-सहा आणि पलीकडचे पाच-सहा दिवस धरा.

आणि पौर्णिमा? ती पण वाया घालवू नका. कोजागिरीच्या रात्री आकाशगंगा दिसणार नाही, पण अख्खा कडा, खालचं जंगल, धरणाचं पाणी सगळं उजळलेलं असतं, एफ ४ (लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तितकं जास्त उघडं), आयएसओ ८०० (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते), १५ ते २० सेकंद एवढ्यावर दिवसासारखा फोटो येतो आणि वर तारे. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने पहिली रात्र चांदण्यातच काढावी, बटणं दिसतात, ठेच लागत नाही, हात बसतो.

आता जागा. इथे एकच नियम डोक्यात ठेवा: गाभा दक्षिणेला आहे, म्हणून शहर तुमच्या उत्तरेला पडलं पाहिजे. पुण्याहून निघणाऱ्याने जुन्नरकडे वर जाण्यापेक्षा वेल्हे, भोर, वरंध घाटाच्या बाजूला खाली जावं, पुण्याचा सगळा उजेड पाठीमागे राहतो. जुन्नरच्या बाजूने दक्षिणेला कॅमेरा लावला की फ्रेममध्ये नेमकं पुणे येतं. नाशिककरांचं बरं आहे, भंडारदरा-कळसूबाई त्यांच्या दक्षिणेलाच. मुंबईवाले कसारा घाट चढून घोटीमार्गे तिथेच येतात, मुंबईचा उजेड पश्चिमेला राहतो आणि पुणे शंभरेक किलोमीटरवर असल्यामुळे खाली एक पिवळसर पट्टा सोडला तर त्रास होत नाही. रतनवाडी, साम्रद, धरणाच्या मागची बाजू हे सगळं याच भागात येतं. हरिश्चंद्रगडाबद्दल एक सांगतो कारण सगळ्यांना कोकणकडाच हवा असतो: कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, कल्याण-ठाणे समोर, पनवेल-नवी मुंबई नैऋत्येला, त्यामुळे ऑक्टोबरच्या संध्याकाळी गाभा थेट त्या उजेडावर उतरतो. गडावर मार्च-एप्रिलमध्ये जा आणि मंदिराच्या बाजूने आग्नेय-दक्षिण धरा. कोकण किनाऱ्याचं उलट, नैऋत्येला नुसता समुद्र, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे जावं, फक्त क्षितिजावर मच्छीमार बोटींचे दिवे येतात आणि दमटपणा असतो ते धरून चला.

विदर्भात असाल तर पेंच. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातलं हे पहिलंच. तिथल्या गावांमध्ये रस्त्यांचे दिवे बदलून उजेड खाली जमिनीकडे पडेल असे केले. गावं अंधारात ठेवावी लागली नाहीत, नुसता वर जाणारा उजेड अडवला आणि एवढा फरक पडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे सध्या प्रत्येक वाडीत एक हायमास्ट उभा राहतोय आणि त्याचा अर्धा उजेड आभाळात जातो. ग्रामपंचायतीत ओळख असेल तर हा विषय जरूर काढा. फोटोच्या दृष्टीने पेंचला एक लक्षात ठेवा, नागपूर तिथून दक्षिणेला पडतं, म्हणून गाभा वर चढेपर्यंत थांबा.

घरबसल्या तपासायला लाइट पोल्युशन मॅप नावाची साइट आहे, त्यात जागेवर क्लिक केलं की बोर्टल नंबर कळतो, १ म्हणजे सगळ्यात काळं आकाश, ९ म्हणजे शहराचा मध्य. ४ किंवा त्याहून कमी मिळालं तर बॅग भरा. स्टेलेरियम अ‍ॅपमध्ये तारीख, वेळ आणि ती जागा टाकून गाभा नक्की कुठल्या डोंगरामागून येणार ते पण दिसतं, हे केल्याशिवाय निघू नका.

हवेबद्दल कोणी बोलत नाही पण निम्मा फोटो हवेत असतो. मार्च ते मे शेतकरी राब भाजतात, डोंगरात वणवे लागतात, दरीत धूर साचून राहतो, अ‍ॅपवर ढग शून्य दाखवत असले तरी तारे मळकट दिसतात. त्यातून सुटका म्हणजे वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी गडगडाट होऊन सर आली आणि रात्री आभाळ मोकळं झालं तर हातातलं काम टाकून जा, तशी स्वच्छ हवा उन्हाळ्यात दुसऱ्या कुठल्या रात्री मिळत नाही. वीज चमकत असेल तोवर मात्र कडा, पठार, किल्ल्याची माची सगळं सोडून खाली गावात बसायचं, ट्रायपॉड धातूचा असतो.

जागेवर सूर्यास्ताच्या आधी पोचा, शक्य असेल तर दुपारीच. पुढे काय घ्यायचं ते उजेडातच ठरतं, एखादं झाड, बुरुजाचा तुटका कोपरा, पाण्याची कड. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरासारखी जागा असेल तर कुठल्या खांबावरचा दिवा फ्रेममध्ये घुसतो ते अंधार पडल्यावर एकदा फिरून बघा आणि मंदिराच्याच सावलीत उभे राहा, दिवा भिंतीआड जातो. ज्यांच्या घरी मुक्काम आहे त्या मावशींना ओसरीवरचा बल्ब तासभर बंद कराल का विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, पण विचारा, आपल्या हाताने बटण बंद करू नका. सूर्य बुडाल्यावर पूर्ण काळोख व्हायला आपल्याकडे सव्वा तास लागतो, तो वेळ ट्रायपॉड लावायला आणि जेवायला.

फोकस दिवसाच करून ठेवायचा ही माझी पद्धत. लांबचा डोंगर किंवा टॉवर धरून फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. लेन्सवर अनंताची खूण असते ती अंदाजे असते, तिच्यावर विसंबू नका. रात्री परत खात्री करायची, लाइव्ह व्ह्यू चालू करून एखादा ठळक तारा (थंडीत व्याध, किंवा गुरू दिसत असेल तर गुरू) १० पट मोठा करायचा आणि रिंग केसभर फिरवत तारा जिथे सगळ्यात बारीक ठिपका होईल तिथे थांबायचं. झूम लेन्स असेल तर नंतर झूमला हात लावला की फोकस सरकतो. आणि पहिला फोटो काढल्यावर मागच्या स्क्रीनवर मोठा करून बघाच, लहान स्क्रीनवर सगळं शार्प दिसतं आणि घरी आल्यावर रडू येतं.

सेटिंग आता पटापट. मोड मॅन्युअल, फॉरमॅट रॉ (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल), अ‍ॅपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं, म्हणजे एफ २.८ किंवा १.८, किट लेन्सला एफ ३.५. आयएसओ ३२०० पासून सुरू करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, ३८०० ते ४००० केल्विनला बांधून ठेवा नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद (नाहीतर २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून २० सेकंद अडकून बसतो), २ सेकंदांचा टायमर चालू. शटर किती वेळ? पृथ्वी फिरते म्हणून जास्त वेळ ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. जुना हिशोब असा की ५०० ला फोकल लेंथने (लेन्सवरचा एमएमचा आकडा) भागायचं, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर आधी फोकल लेंथला १.५ ने गुणायचं, कॅननला १.६. म्हणजे १८ एमएमची किट लेन्स १.५ च्या क्रॉपवर २७ झाली, ५०० भागिले २७ म्हणजे १८ सेकंद. आताच्या २४ मेगापिक्सेल आणि वरच्या सेन्सरवर हे जरा जास्तच होतं, तारे अंड्यासारखे लांबट दिसतात, म्हणून मी ५०० च्या जागी ३५० धरतो, १३ सेकंद. थोडा अंधारा फोटो चालतो, लांबट तारे दुरुस्त होत नाहीत. स्क्रीनची ब्राइटनेस सगळ्यात कमी करा आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा, टेकाड डाव्या भिंतीला चिकटलेलं नसलं की पुरे.

एकच फोटो काढून थांबू नका, त्याच फ्रेमचे लागोपाठ १५-२० फोटो घ्या, आणि शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगला ५-१० काळे फोटो, सेन्सरचा स्वतःचा दाणा नंतर वजा करायला. घरी सिक्वेटर हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर हे सगळे फोटो एकावर एक बसवतं, आकाश वेगळं आणि जमीन वेगळी धरून, आणि दाणेदारपणा एकदम कमी होतो. मॅक किंवा लिनक्स असेल तर सिरिल आहे, शिकायला वेळ लागतो. किट लेन्सवाल्यांना तर हे करायलाच हवं, महागड्या लेन्सचा निम्मा फायदा यात फुकट मिळतो.

सह्याद्रीची खरी अडचण म्हणजे दगड. बेसाल्ट काळा, अमावस्येची रात्र काळी, आकाश सुंदर येतं आणि खाली नुसतं काळं भगदाड. उपाय तीन आहेत. पहिला, आकाशाचा फोटो झाला की ट्रायपॉड न हलवता आयएसओ ८०० वर उतरवून ३-४ मिनिटांचा एक फोटो फक्त जमिनीसाठी घ्या (३० सेकंदांच्या वर जायला बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) आणि रिमोट लागतो) आणि नंतर दोन्ही जोडा. दुसरा, तिसऱ्या-चौथीची बारीक कोर पश्चिमेला असताना जमिनीचा फोटो घ्या आणि तिथेच थांबून ती मावळल्यावर आकाशाचा, हा मला सगळ्यात जास्त आवडतो, दगडाचा पोत जसा आहे तसा येतो. तिसरा टॉर्च, पण टॉर्च थेट मारला की दगड चुना फासल्यासारखा दिसतो, म्हणून बाजूच्या पांढऱ्या कपड्यावर किंवा तळहातावर मारून परतणारा उजेड वापरा, एक-दोन सेकंद पुरतात. आजूबाजूला दुसरं कोणी फोटो काढत असेल तर आधी विचारा. स्वतःसाठी लाल उजेडाचा हेडटॉर्च ठेवा, डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने सगळं परत पहिल्यापासून.

ऑक्टोबर ते जानेवारी दव पडतं, तासाभरात लेन्सच्या काचेवर धुकं बसतं आणि तुम्हाला कळतही नाही, फोटो हळूहळू मऊ होत जातात. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा मिळतो, पॉवर बँकला लावायचा, नाहीतर केमिकलची गरम होणारी पाकिटं मोज्यात घालून लेन्सभोवती रबराने बांधा. कापडाने पुसू नका, दोन मिनिटांत परत येतं.

फोनवाल्यांनो, तुम्ही पण या. ट्रायपॉड मात्र हवाच, ते दोनशे रुपयांचं लवचिक पायांचं मिळतं ते सुद्धा चालेल. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये अ‍ॅस्ट्रो मोड आहे, फोन स्थिर ठेवला की चार मिनिटांपर्यंत फोटो घेत राहतो. आयफोन ट्रायपॉडवर असल्याचं ओळखतो आणि नाइट मोडमध्ये ३० सेकंदांपर्यंत जाऊ देतो. बाकीच्यांमध्ये प्रो मोड उघडा, मुख्य कॅमेरा (अल्ट्रावाइड नको, त्याचा सेन्सर लहान असतो), आयएसओ १६०० ते ३२००, १५ ते ३० सेकंद, फोकस अनंतावर, टायमर लावून. रॉची सोय असेल तर रॉ.

ताऱ्यांची वर्तुळं हवी असतील तर कॅमेरा उत्तरेला. आपल्याकडे ध्रुव १९-२० अंशांवरच असतो, अक्षांशाएवढा, म्हणून जवळ उंच डोंगर असला तर ध्रुवच झाकला जातो, उत्तरेला मोकळं पठार किंवा पाणी शोधा. एक तास कॅमेरा चालला तर प्रत्येक तारा १५ अंशांची रेघ काढतो, दोन तास केलेत तर वर्तुळ भरल्यासारखं वाटतं. एकच दोन तासांचा फोटो नाही, ३०-३० सेकंदांचे लागोपाठ, मधे एक सेकंद, आणि ते स्टारस्टॅक्समध्ये जोडायचे. बॅटरी फुल, जोडीला पॉवर बँक.

रानाचे नियम. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, कुठे मुक्काम चालतो कुठे नाही हे बदलत राहतं, म्हणून निघायच्या आधी वनविभागाला किंवा गावातल्या गाइडला फोन करून विचारा. एकटे जाऊ नका. कड्याच्या कडेपासून किती पावलं आहेत ते उजेडात मोजून ठेवा. घोट्याच्या वरचे बूट घाला, फुरसं आणि घोणस दगडांतच असतात, बॅग उघडी टाकू नका आणि उचलायच्या आधी लाथेने हलवा. मधमाश्यांचं पोळं जवळ असेल तर धूर, शेकोटी काही नको. मे अखेर ते जून काजव्यांचा मोसम असतो, तेव्हा झाडांवर टॉर्च, गाडीचे हेडलाइट, फ्लॅश अजिबात नको, काजव्यांचं चमकणं हे जोडीदार शोधण्यासाठी असतं आणि आपल्या उजेडात ते बिचारे थांबतात. गाडी लांब लावून चालत जा.

एडिटिंगमध्ये हात आखडता घ्या. आधी व्हाइट बॅलन्स, मग आकाशाच्या कडेचा शहराचा पिवळा रंग थोडा कमी, मग गाभ्यावर ब्रशने हलका कॉन्ट्रास्ट. जांभळं-निळं भडक आकाश बघून लोक वाहवा करतात, पण गाभ्याचा खरा रंग किंचित पिवळट-तपकिरी आहे, त्यातल्या काळ्या भेगा म्हणजे धुळीचे ढग आहेत, ते दिसले पाहिजेत, आणि रंग ओढला की नेमके तेच बुडतात. अंधाऱ्या खोलीत बसून एडिट केलेला फोटो दिवसा फोनवर काळा दिसतो, म्हणून सेव्ह करण्याआधी दुसऱ्या दिवशी उजेडात एकदा बघा, बहुतेक वेळा थोडं एक्सपोजर वाढवावं लागतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवलात तर बारीक तारे तिथेच पुसले जातात.